मारण्याचा परवाना की घायाळ करण्याचा?

दिवाळी अंकासाठी बंदुकीवर लिहायला बसणे म्हणजे फराळाच्या ताटात चकलीऐवजी काडतूस वाढण्यासारखे आहे, हे मला कळते. संपादकांनी मागितली होती कथा. पण ज्या दिवसांत शहरातली मंडळी अंगणात पणत्या मांडतात, त्याच दिवसांत आमच्या वर्धा जिल्ह्यातला शेतकरी तिन्हीसांजेला भाकर बांधून वावरात जागलीला जातो. पऱ्हाटी फुटलेली असते, तुरीला फूल धरलेले असते, आणि चण्याचे कोवळे कोंभ नुकते जमिनीबाहेर डोकावू लागलेले असतात. हे कोंभ रोह्याला तुमच्या चिरोट्यांपेक्षा गोड लागतात. मचाणावर बसून, पत्र्याचा डबा बडवून, मधूनच एखादा सुतळी बॉम्ब फोडून तो माणूस रात्र काढतो. तेव्हा हा विषय दिवाळीचा नव्हे, असे निदान आमच्याकडे तरी कुणी म्हणणार नाही.

रोही म्हणजे पुस्तकातली नीलगाय. ती गाय नव्हे आणि काटेकोर बोलायचे तर हरीणही नव्हे. आशियातले सर्वांत मोठे कुरंग आहे ते. पुरा वाढलेला नर दोनशे किलोंच्या पुढे भरतो. असे आठ-दहा एका रात्री दोन एकर चण्यात शिरले की सकाळी शेतकऱ्याला पेरणीची तारीख आठवण्यापलीकडे काही उरत नाही. त्यांच्या मागोमाग रानडुक्कर. ते खाते थोडे आणि उकरते फार. बोरगाव मेघे आता वर्ध्याला इतके चिकटले आहे की गाव कुठे संपले आणि शहर कुठे लागले हे पोस्टमनलाच ठाऊक; पण घरांची रांग संपून काळी जमीन लागली की बोलणे पुन्हा रोह्यावर आणि डुकरावर येते. उत्तरेला बोरचे जंगल आहे, २०१४ पासून व्याघ्र प्रकल्प झालेले. तिथल्या वाघांची नावे पुण्या-मुंबईच्या मुलांना पाठ असतात. वाघाच्या खाण्याचे जे जनावर माणसाच्या वावरात येऊन खाते, त्याची चौकशी करायला मात्र जीपगाड्या येत नाहीत.

या प्रश्नावर आपल्या देशात दोन पक्ष आहेत. एक म्हणतो मारा, दुसरा म्हणतो मारू नका. दोघेही आपापल्या जागी मोठ्याने ओरडतात. २०१६ च्या जून महिन्यात बिहारात मोकामा येथे बाहेरून बोलावलेल्या नेमबाजांनी काही दिवसांत दोनशेंवर नीलगायी मारल्या, तेव्हा केंद्रातल्या दोन मंत्र्यांचे जाहीर भांडण झाले. मनेका गांधींनी प्रकाश जावडेकरांच्या खात्यावर मारण्याच्या हव्यासाचा आरोप केला, आमच्या चंद्रपूरच्या त्रेपन्न डुकरांचा दाखला दिला. जावडेकरांनी सांगितले, राज्ये मागतात म्हणून आम्ही परवानगी देतो. दोघांचेही म्हणणे मी लक्ष देऊन वाचले. मला हवा होता तो प्रश्न त्या भांडणात कुठे सापडला नाही. ती जनावरे मेली कशी? पहिल्या गोळीत किती, तिसऱ्या गोळीत किती, आणि किती जनावरे पोटात शिसे घेऊन उसात नाहीशी झाली? पुढे २०१९ साली त्याच बिहारातल्या वैशाली जिल्ह्यात गोळी लागून पडलेली, पण अजून जिवंत असलेली एक नीलगाय यंत्राने खड्ड्यात ढकलून वर माती लोटल्याचे चित्रण साऱ्या देशाने पाहिले. हळहळ झाली. अटकही झाली. पण ज्या गोळीने ते जनावर मेले नाही, त्या गोळीची चौकशी कुणी केल्याचे मी ऐकले नाही.

आमच्या गावापासून सेवाग्राम सायकलने तासाभराच्या आत येते. त्यामुळे हा विषय काढला की बाहेरचे लोक वर्धेकराच्या तोंडावर गांधीजींचे नाव फेकतात आणि आता हा गप्प बसेल अशी वाट पाहतात. त्यांनी गांधीजी थोडे वाचलेले बरे. साबरमतीच्या आश्रमात १९२८ साली असाध्य वेदनांनी तळमळणाऱ्या एका वासराला त्यांनी डॉक्टरकडून सुई देवविली आणि त्याची सुटका केली. केवढे काहूर उठले त्यावर! आणि १९४६ साली, देशात अन्नाचा तुटवडा असताना, अहिंसेच्या नावाखाली जनावरांना उभी पिके खाऊ देणे हे पाप आहे, असे त्यांनी ‘हरिजन’मध्ये स्वच्छ लिहिले. या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या की मला तरी एवढेच दिसते: कधी मारावे लागते, हे तो माणूस नाकारत नव्हता; तळमळत ठेवणे त्याला सोसवत नव्हते. आपण नेमके उलटे करून ठेवले आहे. मारायला आपण बिचकतो आणि तळमळीकडे पाठ फिरवतो.

आता कायद्याची गंमत पाहा. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकरक्षणासाठी बंदूक मागणाऱ्या नागरिकाची आठवण ठेवली आहे. त्याच्यासाठी कायद्याने योजलेले शस्त्र कोणते? ठासणीची बंदूक, जिला आमच्याकडे भरमार म्हणतात. नळीत वरून दारू ओता, चिंधी ठासा, शिशाचे तुकडे टाका, पुन्हा ठासा, आणि मग रोह्याला म्हणा, बाबा, जरा थांब. ही बंदूक पुरणार नाही असे अधिकाऱ्याला पटले तर तो दुसरी देऊ शकतो. पण तीही गुळगुळीत नळीची. नळीच्या आत आटे पाडलेली, गोळीला फिरकी देऊन सरळ नेणारी रायफल त्या कलमात पीकरक्षकाच्या वाट्याला नाही.

आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा मूळ मजकूर काय होता? त्या काळी परवाना काढून शिकार चालत असे. त्या कायद्यात एक फार शहाणे कलम होते. मोठी जनावरे रायफलनेच मारावीत. छर्ऱ्याच्या बंदुकीने मारायची तर परवान्यात खास तशी मुभा हवी आणि तेव्हाही एकसंध गोळीच वापरावी. मोटारीतून मारू नये, झोत टाकून मारू नये, रात्री मारू नये, पाणवठ्यावर दबा धरून मारू नये. पुढे १९९१ साली शिकारच बंद झाली, तेव्हा नियम कशाला ठेवायचे म्हणून हे कलम वगळण्यात आले. ते वगळले, पण अकरावे कलम राहिले. त्या कलमाखाली उभ्या पिकाचा नाश करणारे जनावर मारण्याची परवानगी मिळते. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली रोही आणि रानडुक्कर यांच्यापुरती अशा परवानगीची रीतही घालून दिली. परंतु कशाने मारावे, किती अंतरावरून मारावे, जखमी जनावराच्या मागे कुणी जावे, याविषयी त्या अकराव्या कलमात अक्षर नाही. म्हणजे हौसेने मारणाऱ्या साहेबाला कायदा बजावत होता, नीट मार. आणि पोटासाठी मारणाऱ्या शेतकऱ्याला तो सांगतो, मार, कसेही.

मी शाळेत गणित शिकवतो, म्हणून या ‘कसेही’चा हिशेब मांडतो. डुक्कर किंवा चितळ जागच्या जागी मरायचे तर गोळी पुढच्या पायाच्या मागे, छातीत, काळीज-फुप्फुसाच्या ठिकाणी लागावी लागते. ती जागा वीतभर, म्हणजे नऊ इंच. रोह्याची थोडी मोठी. बारा बोअरच्या बंदुकीचे मोठ्या छर्ऱ्यांचे काडतूस, ज्याला दुकानदार एल. जी. म्हणतो, त्यात शिशाच्या सहा-आठ गोळ्या असतात. साध्या नळीतून त्या दर वाराला सुमारे एक इंच फाकतात. ढोबळ हिशेब आहे हा, पण चाळीस वारांवर चाळीस इंचांचे वर्तुळ झाले. वर्तुळांची क्षेत्रफळे व्यासांच्या वर्गाच्या प्रमाणात असतात, हे आठवीच्या मुलालाही येते. नऊचा वर्ग एक्याऐंशी, चाळिसाचा सोळाशे. वीतभर जागा त्या वर्तुळाचा विसावा हिस्सा ठरली. सहा गोळ्यांपैकी त्या जागेत किती पडतील? दहादा चाप ओढाल तेव्हा तीन. बाकीच्या सत्तावन्न कुठे जातात? काही मातीत. काही पोटात, जबड्यात, मागच्या मांडीत.

पोटात गेलेल्या गोळीचे काय होते ते मला एका शेतकऱ्याने सांगितले. मी त्याला सहज विचारले होते, “लागला का रोही?”

“लागला न जी, गुरुजी. धुऱ्यापावतर रगत होतं. मंग थो नाल्यात घुसला.”

“मग?”

“मंग काय जी. चार दिवसानं वास सुटला.”

तो माणूस निर्दय नाही. त्याच्या घरी वसुबारसेला गाईची पूजा होते. त्याच्या हाती जे दिले आहे, त्याने एवढेच होते. ज्याच्या हाती तेही नाही, तो धुऱ्यावर तार ओढतो आणि तीत विजेचा प्रवाह सोडतो. २०१७ च्या ऑक्टोबरात आमच्याच जिल्ह्यात एक वाघीण अशा तारेला चिकटून मेली. ब्रह्मपुरीकडून पकडून ती बोरच्या जंगलात आणून सोडली होती. तिने माणसे मारली, तिला गोळी घालण्याचा हुकूम निघाला, तो हुकूम हायकोर्टापर्यंत जाऊन आला. आणि शेवटी डुकरांसाठी सोडलेल्या विजेने सगळ्यांचे काम केले. अशा तारांना माणसेही चिकटतात.

इथे मला दशरथाची आठवण होते. रात्रीची वेळ, पाणवठा, डोळ्यांना न दिसणारे लक्ष्य, आणि केवळ आवाजावर सोडलेला बाण. १९७२ च्या त्या वगळलेल्या कलमातल्या बहुतेक मनाया त्या एका बाणाने मोडल्या होत्या! आपण ती गोष्ट श्रावणबाळाच्या मातृपितृभक्तीची म्हणून मुलांना सांगतो. तीत नेमबाजाच्या घमेंडीचीही गोष्ट आहे. शब्दवेध ही मोठी विद्या खरी, पण हंड्यात पाणी भरते आहे की हत्ती पाणी पितो आहे, एवढे त्या विद्येला ओळखता आले नाही.

आणि या घमेंडीने हल्ली नवा अवतार घेतला आहे. माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेत टेक्सास प्रांतात असतो. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात तिथल्या किंग रँच नावाच्या अवाढव्य कुरणात काही रोही नेऊन सोडले, ते तिथे मानवले, आणि आता लोक पैसे मोजून त्यांची शिकार करतात. (वर्ध्याचा शेतकरी हे ऐकून म्हणाला, पैशे घेऊन मारू देतात? मंग आमचेबी घेऊन जा म्हणा.) या चिरंजीवांनी मला मोठ्या हौसेने कळवले की, त्यांनी तीनशे विंचेस्टर मॅग्नम जातीची रायफल घेतली आहे, तिच्यावर आकडे दाखवणारी दुर्बीण बसवली आहे, आणि ते सातशे वारांवरून जनावर टिपतात. वर त्यांचे म्हणणे असे की, हीच खरी नीतीची शिकार; कारण जनावराला शिकारी दिसत नाही, भीती वाटत नाही, मरण कळतही नाही.

बाळ, तुला मी त्रैराशिक शिकवले होते. सातशे नको, चारशेच वार घे, आणि आपल्याकडेही परवान्यावर मिळणारी थर्टी-ओ-सिक्स रायफल घे. तिची एकशे ऐंशी ग्रेनची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे सत्तावीसशे फूट वेगाने निघते. दोनशे वारांवर नेम बसवलेला असेल तर चारशेवर ती सुमारे दोन फूट खाली पडते. आडवा वारा ताशी दहा मैलांचा असेल तर फूटभराहून अधिक बाजूला सरकते. हे सगळे तुझी दुर्बीण मोजून देईल, मान्य. पण गोळी तिथे पोचायला अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ घेते, आणि सातशे वारांवर तुझ्या मॅग्नमलाही सेकंदाच्या आसपास लागतो. चरणारे जनावर तेवढ्यात एक पाऊल टाकते. एक पाऊल म्हणजे फूटभर, आणि आपली जागा आहे वीतभर. ते पाऊल जगातली कुठली दुर्बीण आधी मोजून देते? महागडी रायफल वाऱ्याचा आणि पल्ल्याचा हिशेब चुकता करील. जनावराच्या मर्जीचा हिशेब तिच्याजवळ नाही. आणि नेम चुकून पोटावर गेलाच, तर सातशे वार चालून जाईपर्यंत ते कुठल्या झुडपात शिरले हे तुला समजणारही नाही. तुमच्याच देशात थिओडोर रूझवेल्टने १८८७ साली स्थापन केलेला बून अँड क्रॉकेट क्लब आहे. ती काही जैन साधूंची मंडळी नव्हे, शिकाऱ्यांचीच आहे. तिनेही या लांब पल्ल्याच्या गोळीबाराविरुद्ध मत दिले आहे. कागदाच्या लक्ष्यावर हजार वारांवरून खुशाल नेम धर. ती विद्या आहे आणि ती मला आवडते. कागदाला आतडी नसतात.

याचा अर्थ रायफल वाईट असा नव्हे. मी रायफलच मागतो आहे, पण जवळून. ज्यांना परवानगी मिळेल त्यांच्यासाठी डुकराला ३१५ बोअरची रायफल पुष्कळ झाली. इशापूरच्या सरकारी कारखान्याने ती नागरिकांसाठी बनवलेली आहे. तिचे काडतूस मुद्दाम सैन्याच्या काडतुसाहून निराळे ठेवलेले, गोळी जड आणि चाल बेताची. शंभर वारांच्या आत ती रोह्यालाही पुरते. मोठ्या नरासाठी थर्टी-ओ-सिक्स अधिक भरवशाची. शंभराच्या पलीकडे चाप ओढायचाच नाही. दुर्बीण असावी, ती अंतर वाढवण्यासाठी नव्हे. जनावर कोणते, मादीच्या मागे पिल्लू आहे काय, आणि पलीकडे कापूस वेचणारी बाई तर नाही ना, हे पाहण्यासाठी. कारण रायफलची गोळी चुकली तर दोन मैलांच्याही पुढे जाऊ शकते आणि आमचा मुलूख सपाट आहे. म्हणून मारायचे ते मचाणावरून, खालच्या अंगाला, म्हणजे चुकलेली गोळी मातीत जाते. रोही बहुधा दिवसाउजेडी, सकाळ-संध्याकाळी चरते. त्याला रात्री मारण्याचे कारणच नाही. डुक्कर रात्रीचे येते, तेव्हा त्याच्यापुरता दिव्याचा अपवाद करावा लागेल; पण मग अंतर तीस-चाळीस पावलांवर आणावे.

गोळीविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण इथे चांगली चांगली माणसे गोंधळतात. कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मऊ तोंडाच्या, शरीरात शिरल्यावर उमलणाऱ्या गोळ्या तयार झाल्या. १८९९ च्या हेग परिषदेने तसल्या गोळ्या युद्धात अमानुष ठरवल्या, म्हणून सैनिकाच्या गोळीला पूर्ण धातूचे कवच असते. ती आरपार जाते, बारीक भोक पाडते. जखमी शिपाई इस्पितळात जातो आणि बरा होतो. हे ऐकून दयाळू माणसाला वाटते, जनावरालाही तीच गोळी द्यावी. पण रानात इस्पितळ नाही. कवचाची गोळी लागलेले रोही बारीक भोक घेऊन दोन कोस जाते आणि आठवडाभर मरते. मऊ तोंडाची गोळी छातीत उमलते आणि जनावर बहुधा काही पावलांत कोसळते. युद्धात जी क्रूर, तीच वावरात दयाळू. इंग्लंडने आपल्या हरणांच्या कायद्यात हे लिहून टाकले आहे: रायफल २४० बोअरहून लहान नको, गोळीचा जोर सतराशे फूट-पौंडांहून कमी नको, आणि गोळी उमलणारीच हवी. स्कॉटलंडने तर गोळीचे वजन आणि वेगही ठरवून दिला आहे. ज्यांनी आपल्या जंगलात येऊन शेकड्यांनी वाघ मारले, त्यांनी आपल्या घरच्या हरणापुरती एवढी काळजी घेतली. आपण अहिंसेचे वारसदार, आपल्या परवानगीच्या कलमात काडतुसाचे नाव नाही!

यावर आक्षेप येईल, तो मला आत्ताच ऐकू येतो. गावोगाव रायफली दिल्या तर रोही राहील बाजूला, भाऊबंदकीत भावाचा भावावर नेम धरला जाईल; चोरट्या शिकाऱ्यांचे फावेल. आक्षेप खरा आहे. म्हणून मी प्रत्येक शेतकऱ्याला रायफल मागत नाही. वनखात्याच्या प्रत्येक परिक्षेत्रात दोन-चार पारखलेले नेमबाज असावेत, शेतकऱ्याने अर्ज केला की त्यांनी यावे आणि मचाणावर बसावे. दरवर्षी त्यांची परीक्षा घ्यावी: मचाणावरून, शंभर वारांवर, पाच गोळ्या वीतभर वर्तुळात. एक जरी बाहेर गेली तर त्या वर्षी घरी बसावे. शाळेत पस्तीस टक्क्यांवर पास करणारा मी माणूस, पण इथे शंभरच पाहिजेत. आणि परवानगीच्या कागदावर जनावराच्या नावाखाली बंदूक, काडतूस, अंतर आणि वेळ यांचे रकाने हवेत. १९७२ चे कलम पुन्हा आणायला नवे डोके लढवावे लागत नाही; जुना कागद काढून धूळ झटकायची आहे.

दुसरा आक्षेप आपल्या वाचकांतल्या कोमल मनांचा. मारूच नका, कुंपण घाला, भरपाई द्या, असे त्या म्हणतील. जरूर. कुंपणाने भागेल तिथे गोळी झाडू नये, हे मी शपथेवर सांगेन. आणि भरपाई वेळेवर मिळाली तर अर्ध्या तारा आपोआप उतरतील. पण दिवाळीनंतर थंडी पडली की ज्या तुरीचे वरण तुमच्या पानात पडेल, त्या तुरीसाठी कुणीतरी रात्र रात्र मचाणावर कुडकुडलेले असते. त्याने काय करू नये ते सांगताना, त्याने काय करावे याचा खर्च कोण देणार तेही त्याच दमात सांगावे.

राहिली शेवटची गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची. उत्तम नेमबाजाचाही नेम कधी तरी चुकतो. जिम कॉर्बेटने मारलेल्या चंपावतच्या नरभक्षक वाघिणीचे सुळे कुणाच्या तरी जुन्या गोळीने मोडलेले निघाले होते. त्या एका चुकलेल्या गोळीची किंमत शेकडो माणसांनी दिली. म्हणून जखमी जनावराच्या मागे जाणे हे काम मारणाऱ्याच्या मर्जीवर सोडता येत नाही. जर्मनीत रक्ताचा माग काढणारी कुत्री त्यासाठी मुद्दाम तयार करतात. आमच्याकडे माग काढणारी माणसे अजून आहेत. नाल्यातल्या वाळूवरचा खूर पाहून जनावर कोणत्या पायाने लंगडते आहे ते सांगणारे म्हातारे मी पाहिले आहेत. त्यांतला एक माणूस आणि एक वनरक्षक दर परवानगीमागे हजर हवा. गोळी सुटल्यावर जनावर जागेवर पडले नाही, तर ते सापडेपर्यंत दुसऱ्या जनावरावर नेम धरायचा नाही. त्या म्हाताऱ्याला रोजी द्यावी, रोजगार हमीपेक्षा चार पैसे जास्त, आणि ती रोजी जनावर सापडले नाही तरी द्यावी.